राहनाळची मुले इंग्रजी शिकतात

भिवंडी म्हटले की मागांचा खडखडाट आणि मालमोटारींच्या रांगा एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. त्या भिवंडीला अगदी खेटून राहनाळ नावाचे गाव आहे. हे काही तीर्थक्षेत्र नाही की थंड हवेचे ठिकाण नाही. तरीही आज तुम्हांला तिकडेच नेणार आहे. पोराला कोणत्या शाळेत घालावे आणि त्याला इंग्रजी कसे येणार, हा प्रश्न दर जून महिन्यात तुमच्याआमच्या घरात उभा राहतो. त्याचे बरेचसे उत्तर या गावात पाहायला मिळते.

चला तर, ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने निघू. कापूरबावडी आणि बाळकुम मागे टाकले की कशेळीचा पूल येतो. पुलाखाली उल्हास नदीची खाडी पसरलेली. पूल उतरलो की आपण भिवंडी तालुक्यात आलो. मग कशेळी, काल्हेर, पूर्णा अशी गावे एकामागून एक येतात. एक कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले ते नवख्याला कळत नाही. डोक्यावर मेट्रोचे खांब आणि खाली ट्रक, टेंपो, रिक्षा यांची दाटी. पुढे अंजूरफाट्याच्या अंगाला राहनाळ. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या मदतीला जे गंगाजी नाईक उभे राहिले, त्यांचे अंजूर ते हेच. आगगाडीने यायचे तर दिवा-वसई मार्गावरचे भिवंडी रोड स्टेशन जवळ पडते. ठाण्याहून अंतर दहा-बारा किलोमीटरच असेल. पण वाहनांच्या कोंडीत किती वेळ जाईल त्याचा भरवसा कोणी देत नाही.

भातशेतीतून गोदामे कशी उगवली

हा सारा पट्टा मूळचा भातशेतीचा. खाडीच्या काठची गावे मुख्यतः आगरी समाजाची. पावसाळ्यात भात, एरवी मासळी, असा येथला जुना संसार होता. आज त्या खाचरांत पत्र्याची उंच गोदामे उभी आहेत.

असे का झाले? मुंबईत शिरणाऱ्या मालावर पूर्वी जकात भरावी लागे. व्यापाऱ्याने हिशेब केला: माल शहराच्या वेशीबाहेर ठेवावा आणि लागेल तसा आत न्यावा. ग्रामपंचायतीच्या हद्दीत जागा स्वस्त मिळे, मुंबई-नाशिकचा महामार्ग हाताशी, आणि १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदरही सुरू झाले. राहनाळ, वळ, पूर्णा, दापोडे, माणकोली या गावांत गोदामांची रांगच लागली. पुढे जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. पण गोदामे काही गेली नाहीत, उलट वाढली. आता घरबसल्या मोबाईलवरून मागवलेली वस्तू पुष्कळदा येथूनच निघून तुमच्या तालुक्याच्या गावी पोचते.

मागांची कथा याहून जुनी. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेतले मोमीन विणकर भिवंडीत येऊन राहिले. तेलंगणातले पद्मशाली विणकरही आले. हातमागाच्या जागी विजेचे माग आले. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचे पुष्कळसे काम भिवंडीच्या मागांवर आले. मागावर आणि गोदामात कामाला माणसे लागतात. ती उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, तेलंगण येथून आली, तशीच आपल्या मराठवाड्यातून आणि खानदेशातूनही आली. सुरुवातीला एकटा पुरुष येई आणि भिसीत जेवून कारखान्यात झोपे. मग बायकोमुले आली. आणि मुले आली की शाळा आलीच.

एका अक्षराची परीक्षा

अशा गावातल्या शाळेत बसलेली मुले घरी किती भाषा बोलत असतील याचा अंदाज करायचा असेल, तर त्यांना नुसते गावाचे नाव म्हणायला सांगावे. 'राहनाळ' या नावात शेवटी 'ळ' आहे ना, तोच आपली परीक्षा घेतो.

उत्तर प्रदेशातून आलेले मूल म्हणेल 'राहनाल', कारण त्याच्या बोलीत 'ळ' नाही. उर्दू बोलणाऱ्याचेही तेच. गंमत अशी की येथल्या मूळच्या आगरी घरातले मूलही 'ल'च म्हणेल. आगरी बोलीत डोळ्यांचे 'डोले' होतात आणि काळ्याचे 'काला'. मग 'ळ' स्वच्छ कोण म्हणतो? तेलंगणातल्या विणकराची मुलगी! तेलुगूत 'ळ' आहे. ओडियातही आहे. म्हणजे हजार कोसांवरून आलेली पोर गावाचे नाव गावकऱ्याच्या पोरापेक्षा पुस्तकी शुद्ध म्हणते.

आता यात हसण्यासारखे किंवा कोणाला कमी लेखण्यासारखे काही नाही. मूल घरून जी शिदोरी आणते ती अशी असते. आगरी मूल 'गाडी'ला 'गारी' म्हणते, वडिलांना 'बापूस' म्हणते. भोजपुरी मूल 'इस्कूल'ला जाते. या सर्वांना पुस्तकातली मराठी ही पहिली नवी भाषा. म्हणजे जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत पाऊल टाकताना यांपैकी पुष्कळांना परदेशात आल्यासारखेच वाटत असणार. आणि त्यावर आणखी इंग्रजी.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून असे. त्याही आधी एक काळ असा होता की ते आठवीपासून सुरू होई. २००० साली, प्राध्यापक रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ते पहिलीपासून आले. तेव्हा पुष्कळ वाद झाले. खेड्यातले पोर एवढ्या लहानपणी काय इंग्रजी शिकणार, असे काहींचे म्हणणे होते; शहरातले पोर शिकते तर आमच्याने का शिकू नये, असे दुसऱ्यांचे. पहिलीपासून इंग्रजी आज सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. पण शिकवायचे कसे, हा प्रश्न रोज सकाळी बाई वर्गात शिरतात तेव्हा नव्याने उभा राहतो.

वर्गातला दिवस

आता आपण वर्गाच्या दारात उभे राहू. परिपाठ झाला आहे. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि २०२३ पासून राज्यगीतही. हजेरी होते. कोणी 'हजर' म्हणतो, कोणी 'हाजिर', कोणी 'येस बाई' म्हणून दोन्ही डगरींवर हात ठेवतो. बाईंना कोणी 'बाई' म्हणते, कोणी 'मॅडमजी'.

इंग्रजीचा तास पुस्तक उघडून सुरू झाला, की अर्धा वर्ग हातातून निसटतो. म्हणून जाणत्या बाई पुस्तक मिटूनच सुरुवात करतात. 'स्टँड अप' म्हणतात आणि स्वतः उभ्या राहतात. 'टच युवर नोज' म्हणतात आणि स्वतःच्या नाकाला बोट लावतात. 'गो टू द डोअर' म्हणतात आणि एकाला दाराकडे वळवतात. मुले आधी ऐकतात, मग करतात. बोलायची सक्ती नाही. आपले तान्हे मूलसुद्धा बोलण्याआधी वर्षभर ऐकतेच की! पंधरा दिवस असे गेले की मुलेच एकमेकांना हुकूम सोडू लागतात. ऐकणे, करणे, बोलणे, मग वाचणे आणि सगळ्यांत शेवटी लिहिणे, असा हा क्रम. पुष्कळ ठिकाणी तो उलटा लावतात: पहिल्याच दिवशी चार रेघी वही आणि ए बी सी डी. त्याने मुलाचे अक्षर वळणदार होते, पण तोंड बंद राहते.

मग वाक्य येते. येथे खरी अडचण उभी राहते. आपण म्हणतो, 'मी आंबा खातो'. क्रियापद शेवटी. हिंदीत तसेच, उर्दूत तसेच, तेलुगूत आणि ओडियातही तसेच. इंग्रजीत मात्र 'खातो' मध्ये घुसतो: 'आय ईट अ मँगो'. म्हणून साऱ्या भारतभरची मुले सुरुवातीला 'आय मँगो ईट' असेच म्हणतात. त्यावर छडी उगारून काय होणार? त्याऐवजी एक सोपी युक्ती आहे. तीन मुलांना समोर उभे करायचे. एक 'आय', एक 'मँगो', एक 'ईट'. आधी घरच्या क्रमाने उभे राहा. आता इंग्रजीचा क्रम. 'ईट'ने 'मँगो'च्या पुढे यायचे! मुले ढकलाढकली करतात, हसतात. पण ज्याने एकदा पायाने जागा बदलली तो ती सहसा विसरत नाही. आणि पाहा, घरच्या भाषा पाच, पण अडचण एकच. म्हणून एका धड्यात सगळ्यांचे काम होते.

तीच गोष्ट 'वर', 'खाली', 'मध्ये' यांची. आपण 'टेबलावर' म्हणतो, म्हणजे टेबल आधी आणि 'वर' नंतर. इंग्रजीत 'ऑन' आधी येते. हेही हिंदी, तेलुगू मुलांना आपल्यासारखेच नवे. बाकावर वही ठेवून, बाकाखाली दप्तर ठेवून ते दाखवता येते. त्याला खर्च काही नाही.

उच्चारांच्या बाबतीत मात्र प्रत्येकाची तऱ्हा निराळी, आणि येथे मुलेच एकमेकांचे गुरू होतात. 'झीरो' आणि 'फॅन' यांतले इंग्रजी आवाज उर्दू बोलणाऱ्या मुलाच्या जिभेवर आधीपासून असतात. त्याला पुढे उभे करून इतरांनी ऐकावे. 'इस्कूल' म्हणणाऱ्याला आधी सापासारखा 'स्स्स' करायला सांगावे आणि मग 'कूल' जोडायला लावावे. मराठी मूल ते सहज करते, ते त्याला मदत करील. वर्गात ज्याला कोणी विचारत नव्हते ते पोर एका आवाजापुरते का होईना मास्तर होते. त्या दिवशी ते घरी ताठ मानेने जाते.

दुपारी खिचडीची सुट्टी होते. शाळेत पोषण आहार देण्याची योजना १९९५ सालची. ताटे धुऊन मुले ओळीत बसतात. या अर्ध्या तासात बाईंनी 'राइस', 'वॉटर', 'प्लेट', 'मोअर', 'इनफ' एवढे पाच शब्द रोज वापरले तरी वर्षाअखेर ते मुलांच्या अंगात मुरतात. पोटात भूक असताना 'मोअर' शिकायला फार वेळ लागत नाही!

तिकडे जपानात

आता थोडे लांब जाऊ या. परक्या देशात जाऊन मुलांना इंग्रजी शिकवणे हा आज जगातल्या हजारो तरुणांचा उद्योग आहे. जपान सरकारने १९८७ साली एक योजना सुरू केली. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथून ८४८ तरुण-तरुणी आले. त्यांना गावोगावच्या शाळांत मदतनीस शिक्षक म्हणून नेमले. पुष्कळ जण अशा खेड्यांत गेले की जेथे भाताची शेते आणि म्हातारी माणसे यांखेरीज फारसे काही नाही.

त्यांचा दिवस कसा जातो पाहा. दारात जोडे काढून शाळेतली वेगळी पादत्राणे घालायची. शिक्षकांच्या खोलीत शिरताना सर्वांना वाकून नमस्कार. दुपारी मुलेच पांढरे डगले आणि टोप्या घालून जेवण वाढतात, आणि शिक्षक मुलांबरोबर वर्गातच जेवतो. जेवणानंतर सारी मुले फडकी-झाडू घेऊन शाळा स्वच्छ करतात. पाहुण्या शिक्षकानेही हातात फडके घेतले तर मुलांना फार आनंद होतो. एका शिक्षकाकडे पुष्कळदा दोन-चार शाळा असतात. आज येथे, उद्या तेथे.

आणि शिकवणे? जपानी भाषेत 'ल' आणि 'र' यांत भेद नाही. म्हणून 'राइस' म्हणजे भात आणि 'लाइस' म्हणजे उवा, हे दोन्ही शब्द जपानी मुलाला सारखेच ऐकू येतात. भात खातो म्हणायला जावे आणि उवा खातो असे व्हावे! आपल्या राहनाळच्या 'ळ'चीच ही भावंडे. जपानी वाक्यातही क्रियापद शेवटी येते, म्हणजे 'आय मँगो ईट' तिकडेही चालूच.

या योजनेत ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की परदेशी शिक्षक वर्गात एकटा नसतो. त्याच्या बाजूला त्याच शाळेचा जपानी शिक्षक उभा असतो. पाहुणा इंग्रजी बोलतो, हातवारे करतो, चित्रे दाखवतो. मुलांचे चेहरे कोरे दिसले की जपानी शिक्षक त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलतो आणि गाडी पुढे सरकते. जपानसारख्या श्रीमंत देशालाही कळले आहे की मुलाच्या भाषेचा हात धरल्याशिवाय परकी भाषा वर्गात उभी राहत नाही. आणि घाईही नाही: तिकडे प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीत इंग्रजी हा रीतसर विषय झाला तो २०२० साली.

राहनाळसारख्या शाळेत ही दोन्ही माणसे एकाच बाईंना व्हावे लागते. इंग्रजी त्यांनीच बोलायचे, आणि मुलाच्या बोलीचा आधारही त्यांनीच द्यायचा. मोडके हिंदी, थोडी आगरी, मुलांकडूनच शिकलेले चार तेलुगू शब्द, अशी मोट बांधून तास चालतो. गावाकडच्या शिक्षकाचे काम सोपे असते असे म्हणणाऱ्याने एक दिवस असा तास घेऊन पाहावा.

गोडाऊनचा धडा

या गावात इंग्रजी शिकवणाऱ्याला एक सोय मात्र आहे, ती तुमच्या गावी कदाचित नसेल. येथे रस्ताभर इंग्रजी सांडलेले आहे. ट्रकच्या पाट्यांवर एमएच, यूपी, जीजे, आरजे. मोठी इंग्रजी अक्षरे ओळखायला यापेक्षा चांगली पाटी कोणती? गोदामाबाहेर पडलेल्या खोक्यावर पेल्याचे चित्र असते, छत्रीचे असते, वर तोंड केलेले दोन बाण असतात. पेला म्हणजे फुटणारी वस्तू, छत्री म्हणजे भिजू देऊ नका, बाण म्हणजे ही बाजू वर. या खुणा जगभर सारख्याच आहेत. खाली तेच शब्दांत छापलेले: 'फ्रॅजाइल', 'कीप ड्राय', 'धिस साइड अप'. चित्र आधी, शब्द नंतर; म्हणजे बालवाचनाचे पुस्तकच की! आणि त्या पोराचा बाप दिवसभर हीच खोकी उचलतो. मुलगी रात्री त्याला सांगते, 'बाबा, फ्रॅजाइल म्हणजे फुटणारं', तेव्हा शिकणे घरात आले.

आणखी एक मौज सांगतो. 'गोडाऊन' हा शब्द आपण इंग्रजी समजतो. पण तो इंग्रजांनी पूर्वेकडूनच उचलला. मलायी भाषेत 'गुदांग' आणि त्याच्याही मुळाशी तेलुगू-तमिळ शब्द असावा असे जाणकार मानतात. तेलुगूत आजही कोठाराला 'गिड्डंगी' म्हणतात. म्हणजे वर्गातल्या तेलुगू मुलीच्या आजीचा शब्द बोटीतून जगभर हिंडला आणि इंग्रजीचा शिक्का मारून राहनाळच्या पाट्यांवर परत आला. हे ऐकल्यावर कोणते मूल इंग्रजीला भिईल?

शाळा कोणती?

आता मुद्द्याचे बोलू. जमीन गोदामाला गेलेल्या शेतकऱ्याला वाटते, शेती तर गेली, आता पोराला इंग्रजी तरी यावे. बिहारहून आलेल्या मजुरालाही तेच वाटते. तुम्हांलाही तेच वाटते. ही इच्छा चुकीची नाही. गोदामात खोकी उचलणारा आणि संगणकावर मालाची नोंद करणारा यांच्या पगारात फरक आहे, आणि त्या फरकात इंग्रजीचा वाटा आहे, हे पोटाला कळते.

पण 'इंग्लिश मीडियम' अशी पाटी लावली म्हणून आत इंग्रजी असतेच असे नाही. चांगल्या इंग्रजी शाळा आहेत, हे खरे. परंतु दोन खोल्या, टाय, बूट आणि भक्कम फी यांवर चालणाऱ्या शाळाही गावोगाव झाल्या आहेत. तेथे बाई फळ्यावर लिहितात, मुले उतरवून घेतात, आणि अर्थ विचारला की गप्प. घरी कोणाला इंग्रजी येत नाही, म्हणून खाकी कव्हराच्या सुरेख वह्या पाहून आईबाप समाधान मानतात. मूल गणितात मागे पडते ते गणित अवघड म्हणून नव्हे, तर प्रश्नच समजला नाही म्हणून.

जिल्हा परिषदेच्या शाळेतही सारे आलबेल आहे असे नाही. २०२२ च्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात पाचवीच्या मुलांपैकी साधारण चौथा हिस्साच सोपी इंग्रजी वाक्ये वाचू शकला. सरकारी शाळा असो की खाजगी, दोघांनीही मान खाली घालावी असा हा आकडा आहे.

मग करायचे काय? भाताचे उदाहरण घ्या. रोप आधी वाफ्यात दाट वाढवतो, मग खाचरात लावणी करतो. बी थेट चिखलात फेकून लवकर पीक मिळेल असे कोणी शहाणा शेतकरी म्हणत नाही. मुलाची घरची भाषा हा तो वाफा. युनेस्कोने १९५३ साली जगभरच्या अनुभवावरून हेच सांगितले, की शिक्षणाची सुरुवात मातृभाषेतून व्हावी. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत तेच म्हटले. याचा अर्थ इंग्रजी नको असा नाही. मातृभाषेत पक्के झालेले मूल इंग्रजी जोमाने उचलते, असा आहे. पुष्कळ मराठी शाळांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमी इंग्रजी वर्गही आहेत. शिकवणारा तयारीचा असेल तर तो मधला मार्ग वाईट नाही.

शाळा निवडताना पाटी पाहू नका. तीन गोष्टी पाहा. एक, वर्गात मूल प्रश्न विचारते का. दोन, इंग्रजी शिकवणारे शिक्षक स्वतः सलग दोन-चार वाक्ये इंग्रजीत बोलतात का. तीन, मुलाने इंग्रजी धडा वाचला की त्याला सांगा, 'आता मला आपल्या भाषेत सांग.' सांगता आले तर शाळा चांगली, मग ती कोणाचीही असो. नुसते घडाघडा वाचले आणि सांगता आले नाही, तर फी कितीही असो, पैसे वाया चालले आहेत.

गाव सुटले तरी शाळा सुटू नये

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. माग थांबले, गोदामे बंद झाली, आणि डोक्यावर बोचकी घेऊन माणसे महामार्गाने चालू लागली. मेच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरकडे श्रमिक गाडी सुटली. मोठ्यांबरोबर मुलेही गेली. जी परत आली त्यांतल्या कित्येकांच्या हाती ना दाखला होता, ना पुस्तक.

हे फक्त परप्रांतीयांचे दुःख समजू नका. आपल्या बीड-नगरची ऊसतोड मंडळी कर्नाटकात जातात, खानदेशातले लोक सुरतेला जातात. वाडा-जव्हारकडचे कातकरी याच भिवंडी तालुक्यात वीटभट्ट्यांवर येतात. म्हणून एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा: १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला दाखला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळेचे वर्ष निम्मे संपलेले असले तरीही नाही. सुरतेच्या पालिकेने मराठी, ओडिया, तेलुगू, उर्दू अशा अनेक माध्यमांच्या शाळा चालवल्या आहेत. तेथे जाणाऱ्यांनी चौकशी करावी. आणि आपल्या गावच्या शाळेत परक्या बोलीचे मूल आले तर त्याच्या बोलीला हसू नये. आपले मूल उद्या दुसरीकडे असेच उभे असेल.

घरी एवढे करा

आम्हांला इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकवणार, असे म्हणू नका. शिकवायचे नाहीच, फक्त विचारायचे आहे. खताची गोणी घरात येते. तिच्यावरचे एन, पी, के आणि पुढचे आकडे मुलाला वाचायला लावा. युरियाची गोणी असेल तर वजन किती किलो लिहिले आहे ते शोधायला सांगा. फवारणीच्या औषधाची बाटली तुम्ही स्वतः हातात धरा आणि लांबूनच त्रिकोणाचा रंग विचारा. लाल म्हणजे अतिजहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. त्यावर 'पॉइझन' लिहिले असेल तर तो शब्द मुलाने ओळखलाच पाहिजे. परीक्षेत गुण मिळोत न मिळोत, जीव वाचेल.

मूल चुकले तर हसू नका. रोज शाळेत पाठवा. आणि घरात तुमची जी बोली आहे, आगरी असो, अहिराणी असो, वऱ्हाडी असो, ती भरपूर बोला. गोष्टी सांगा, गाणी म्हणा. त्याने इंग्रजीचे काही बिघडत नाही. राहनाळच्या वर्गात जी मुले पुढे जातात ती घरी मुकी राहणारी नसतात.

आज संध्याकाळी दिवेलागणीला घरातली एखादी पिशवी, डबा किंवा गोणी पुढे ओढा आणि पोराला म्हणा, 'वाच बरं, आणि सांग मला आपल्या भाषेत.'